दोघांपुरता पिलाऊ

त्यांना दोन माणसांचा स्वयंपाक येत नव्हता. बत्तीस माणसांचा यायचा, चाळिसांचा यायचा. बोट वादळात सापडली असताना त्यांनी अठ्ठावीस जणांना पोटभर डाळ-भात घातला होता आणि एकाचंही पान चुकवलं नव्हतं. पण "काका, आपल्या दोघांपुरता चहा टाका" असं म्हटलं की ते गोंधळायचे आणि थोड्या वेळानं मोठी किटली भरून घेऊन यायचे. मग ती संपेपर्यंत आम्ही दोघे पडवीत बसून राहायचो आणि माझं पहिलं लेक्चर बुडायचं.

मी रत्नागिरीला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला गेलो तेव्हा मांडवीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. तीन वर्षं ते माझे घरमालक होते. त्याआधी चौतीस वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवर स्वयंपाक केला. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. अंगानं बारीक, डोक्यावर करडे केस अगदी बारीक कापलेले, कमरेला लुंगी आणि लुंगीवर निळ्या पट्ट्यांचा एप्रन. आळीत कोणी त्यांना नावानं हाक मारत नसे. सगळे 'बोटवाले काका' म्हणत. घरात काका आणि काकी असे दोघंच. एक मुलगी, ती लग्न होऊन डोंबिवलीला.

खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला ना गाव विचारलं ना पगार. मला वाटलं आता जात तरी विचारतील, तर तीही नाही. त्यांनी विचारलं, "भात किती खाता ओ?" मी पडलो कोल्हापूरचा. म्हटलं, भात नाही, आम्ही भाकरी खातो, भात आपला शेवटी तोंडाला. त्यांना माझी दया आलेली दिसली. त्यांनी मला तिथंच जेवायला बसवलं आणि समोर उभं राहून माझं जेवण बघितलं. हात धुतल्यावर म्हणाले, "सव्वा वाटी." तेव्हापासून मी त्यांच्या लेखी सव्वा वाटी. पोस्टमन दोन वाटी. समोरच्या घरातले निवृत्त गुरुजी पाऊण वाटी, पण आमटी जास्त. माणसांची नावं ते विसरायचे, चेहरे विसरायचे, पण कोण किती जेवतो हे एकदा बघितलं की कायमचं. एकदा बाजारात एक गृहस्थ भेटले, मोठ्या आपुलकीनं बोलले. ते गेल्यावर मी विचारलं, कोण होते? काका म्हणाले, "कोण ते आठवत नाय. पण दीड वाटी, नि वर लिंबू मागतो."

बोटीवरून उतरून त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण घर हलत नाही यावर त्यांचा अजून विश्वास बसला नव्हता. फळीवरच्या बरण्यांपुढे लाकडी पट्टी ठोकलेली. चुलीवरच्या टोपाचा कान सुतळीनं भिंतीतल्या खिळ्याला बांधलेला. देवाच्या तसबिरीलासुद्धा चार कोपऱ्यांना चार खिळे. आणि कप कायम अर्धा भरायचा, कारण पूर्ण भरला तर सांडतो. मुलीला बघायला आलेली पहिली मंडळी म्हणे या अर्ध्या कपावरूनच परत गेली. चहाला एवढा हात आखडतात तर लग्नात काय करतील, असं कुणीतरी म्हणालं. हे काकी मला सांगत होत्या तेव्हा काका शेजारीच उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की ती माणसं तशीही पाव-पाव वाटीचीच होती.

या माणसाचं सगळं वेड एका पदार्थात उतरलं होतं. तो म्हणजे पिलाऊ. आपला पुलाव नव्हे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली लोक करतात तो मटणाचा, मसाल्याचा, तपकिरी रंगाचा भात.

पिलाऊ ते मोंबासात शिकले. तिथं त्यांच्या बोटीचं इंजिन बंद पडलं आणि सुटा भाग येईपर्यंत सात आठवडे बोट धक्क्याला लागून राहिली. काकांना काम नव्हतं, आणि काम नसलं की ते आजारी पडत. ते जुन्या वस्तीतून हिंडू लागले आणि वासाच्या मागानं एका म्हातारीच्या अंगणात जाऊन पोचले. ती लग्नाकार्यात पिलाऊ करून देणारी. यांना तिची भाषा येत नव्हती, तिला यांची येत नव्हती. "पयले आठ दिवस तिनं मला नुसता लसूण सोलायला लावलन," काका सांगत. "मी बोटीचा भंडारी, माझ्या हाताखाली दोन पोरं. पण तिनं मला पळीला हात लावू दिलान नाय. नवव्या दिवशी खुणेनं म्हणाली, बस, बघ." ते बसले आणि पाच आठवडे बघत राहिले. तिच्याकडून त्यांनी पिलाऊ आणला आणि दोन वाक्यं आणली. एक 'पोले पोले', म्हणजे हळूहळू. दुसरं 'हराका हराका हायना बराका'. याचा अर्थ ते सांगायचे की घाईघाईला बरकत नाय. हे वाक्य ते मला कॉलेजला उशीर होत असताना जिन्याखालून ऐकवत.

महिन्यातून एकदा, रविवारी, मागच्या अंगणात पिलाऊ व्हायचा. जांभ्याच्या तीन चिऱ्यांची चूल, तिच्यावर एक मूल आत बसेल एवढं पातेलं. पहिला नियम असा की कांदा परतताना कोणी बोलायचं नाही. सगळा पिलाऊ कांद्यात असतो आणि कांद्याकडून लक्ष गेलं की पिलाऊ गेला. एकदा शेजारच्या वहिनी मुलगी दहावी पास झाल्याचे पेढे घेऊन आल्या. काकांनी पळी वर केली. वहिनी पेढ्यांचा पुडा हातात धरून पंधरा मिनिटं अंगणाच्या दगडी गडग्याशी उभ्या राहिल्या, आणि मीही त्यांच्याशेजारी मौन पाळून उभा राहिलो. कांद्याला भिजलेल्या जांभ्याचा रंग आला की काका ओंजळभर पाणी मारत. छर्र आवाज होई आणि ते पाणी एका क्षणात तपकिरी होऊन जाई. तोच पिलाऊचा रंग. हळद नाही, केशर नाही, मिरची तर नाहीच. मग आलं-लसूण, मटण, अख्खे बटाटे, आणि जिरं, मिरी, लवंग, वेलची, दालचिनी असा हातानं कुटलेला मसाला. भिजवलेला तांदूळ वरून घालायचा, तळहात बुडेल एवढं पाणी ठेवायचं, झाकण लावायचं आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे पसरायचे. बरोबर कांदा-टोमॅटोची कचुंबरी. हे नाव आपल्याच कोशिंबिरीचं कुणीतरी तिकडं नेलेलं असणार, असं त्यांचं मत होतं.

पहिल्यांदा तो भात खाल्ला तेव्हा मी कोल्हापुरी भाबडेपणानं म्हणालो, "काका, बिर्याणी छान झालीय, फक्त तिखट जरा कमी आहे." ते माझ्याजवळ आले, माझ्या पानातला बटाटा उचलला आणि परत पातेल्यात टाकला. पुढचे तीन महिने मला बटाटा मिळाला नाही. चौथ्या महिन्यात मी सगळ्यांसमोर 'पिलाऊ' असा शब्द स्पष्ट उच्चारला तेव्हा एक मिळाला, तोही लहान.

आळीतली तीस-पस्तीस माणसं जेवून जात. काका स्वतः सगळ्यांच्या मागून जेवत. भंडाऱ्यानं सगळ्यांचं झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा त्यांचा बोटीवरचा रिवाज. आणि काकी त्यांच्याही मागून.

काकींबद्दल मला आता लिहिताना लाज वाटते, कारण त्या तीन वर्षांतली पहिली दोन वर्षं मी त्यांना नीट पाहिलंच नव्हतं. रविवारी सकाळी सात वाजल्यापासून त्या कांदा चिरायला बसत. पाणी भरत, पोरांना ओळीत बसवत, गुरुजींना आमटी वेगळी करून ठेवत, कचुंबरी वाढत, आणि सगळे गेले की ते पातेलं राख आणि काथ्या घेऊन घासायला बसत. त्या बोलत कमी. काका बोटीवर असताना वर्षातले दहा महिने घर त्यांनी एकटीनं चालवलं होतं. मुलीचं आजारपण, सासूचं जाणं, घराची कौलं बदलणं, सगळं एकटीनं. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. लोक पिलाऊची तारीफ करत तेव्हा त्या हातातलं काम करत राहत.

अशाच एका रविवारी पस्तीस पानं उठली होती. मी ताटं गोळा करत होतो, काका चुलीत पाणी मारत होते. काकी पातेल्यात अर्ध्या वाकून खरवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अवो, ऐकलंत काय? एकदा आपल्या दोघांपुरता करा."

काका हसले. दोघांपुरता पिलाऊ कसा होईल, असं म्हणाले. बोकड कापल्याशिवाय त्या म्हातारीनं कधी चूल पेटवली नव्हती.

"बत्तीस माणसांचा होतो, तो दोघांचा नाय होत?"

एवढंच त्या बोलल्या. पण पातेलं घासून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि सांगितलं, सर, हे जरा माळ्यावर टाका. दोघांचा केलात की मग खाली काढू, हे वाक्य त्यांनी काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. मी पातेलं माळ्यावर चढवलं आणि नकळत त्यांच्या बाजूचा झालो.

काकांनी चार दिवस हे गमतीत घेतलं. पाचव्या दिवशी जिना चढून वर आले. "सर, तुम्ही केमिस्ट्रीचे. सोळानं भागायचं ना?"

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या विषयाचा कुणाला असा थेट उपयोग झाला नव्हता. मी कागद घेतला, बत्तीस माणसांचं सगळं प्रमाण लिहून काढलं आणि सोळानं भागलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला छोटा तराजू पिशवीतून घरी आणला. जिरं ग्रॅमवर मोजलं. लवंगा अडीच आल्या. अर्धी लवंग फुलाकडची घ्यायची की दांड्याकडची यावर आमची बरीच चर्चा झाली, आणि शेवटी मी ती ब्लेडनं उभी चिरली.

प्रयोग माझ्या खोलीत, माझ्या शेगडीवर, रविवारी काकी देवळात भजनाला गेल्या की. पहिल्या वेळी कांदा चार मिनिटांत जळाला, कारण एवढ्याशा कांद्याला परतायला किती वेळ लागतो हे दोघांनाही माहीत नव्हतं आणि मी घड्याळ लावून 'अजून एकवीस मिनिटं आहेत' असं सांगत होतो. तो टाकून दुसरा परतला. पाणी सोळानं भागून घातलं. ते तांदूळ शिजायच्या आधीच उडून गेलं. पाण्याची वाफ भांड्याच्या तोंडाप्रमाणे होते, आतल्या पाण्याप्रमाणे नाही, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देत होतो. पण आपण शिकवतो ते खरं असतं, हे शेगडीसमोर बसेपर्यंत कुठं लक्षात येतं. दुसऱ्या रविवारी आम्ही पाणी वाढवलं आणि तान्ह्या पोरांना भरवतात तसलं खिमट झालं. तिसऱ्या रविवारी सगळं जमत आलं होतं, तेवढ्यात काकांनी सवयीनं मूठभर मीठ टाकलं. त्यांनी हात तसाच हवेत धरून ठेवला आणि मुठीकडे बघत राहिले. ती मूठ बत्तीस माणसांची होती.

हे सगळे पिलाऊ मला खावे लागले. फेकायचे नाहीत, अन्न आहे, असं काका म्हणत आणि स्वतः 'भंडारी मागून जेवतो' म्हणून हात झटकत. माझं वजन वाढलं, आम्लपित्त झालं. तिकडे आळीत चुळबुळ सुरू झाली. पोस्टमन पत्र देताना विचारू लागला, या महिन्यात पिलाऊचं काय? गुरुजींनी तर मला रस्त्यात थांबवून विचारलं, घरात काही वाद आहे का, मी मध्ये पडू का? मी सांगितलं, वाद नाही, गणित आहे.

चौथ्या रविवारी मी नव्यानं हिशेब मांडायला बसलो आणि सहज विचारलं, "तुमचा भात दीड वाटी धरतो. काकी किती जेवतात?"

काका तोंड उघडून थांबले.

मला वाटलं आठवत असतील. मी पेन्सिल धरून बसलो. त्यांनी एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा हातांकडे. या माणसाला बाजारातल्या अनोळखी गृहस्थाचं लिंबू आठवत होतं. मी म्हटलं, काका, तुम्ही बोटीवर असायचात, साहजिक आहे. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं की पण घरी येऊनही नऊ वर्षं झाली. निघून गेलं आणि मला चावून घ्यावीशी वाटली ती जीभ. काका उठले आणि खाली गेले. त्या दिवशी प्रयोग झाला नाही.

दोन दिवसांनी दुपारी ते वर आले. त्यांनी काय केलं होतं, तर स्वतःचं जेवण झाल्यावर हात धुवून बाहेर न जाता मागच्या दारात वेताची खुर्ची विणत बसल्याचं नाटक केलं होतं. काकींची त्यांच्याकडे पाठ होती.

"अर्धी वाटी, सर," ते म्हणाले. "उभ्या उभ्या. टोपात खाली राहिला होता तो. माझं ताट तिनं आधी धुतलन, मग जेवली." मग म्हणाले, "मी कुठल्या कुठल्या देशाच्या माणसांना विचारलं, पोट भरलं काय म्हणून."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी खिडकीतून समुद्राकडे बघत राहिलो. आणि खरं सांगायचं तर मला माझी आई आठवत होती. ती किती जेवायची हे मलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर माझा कागद त्यांनी घडी करून मला परत दिला आणि तराजू कॉलेजात नेऊन ठेवायला सांगितला. पुढच्या रविवारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक जाड बुडाचं छोटं पातेलं झाकणासकट ठेवलेलं होतं. काकींचं रोजच्या भाताचं. कांद्याचा वास तीन रविवार जिन्यावरून खाली जात होता, तेव्हा वर काय चाललंय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण मटणाला त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातलं भांडं आजवर कधी दिलेलं नव्हतं. काकांनी ते पातेलं दोन्ही हातांनी उचलून वर आणलं आणि कुणी ठेवलं हे विचारलं नाही.

मग त्यांनी मोजायचंच सोडून दिलं. शेगडी अगदी बारीक केली. कांदा बोटाबोटानं टाकला. नाक पातेल्याजवळ नेऊन, डोळे मिटून बसले. पाण्यासाठी तळहाताऐवजी एका बोटाचं पहिलं पेर बुडवलं. मीठ चिमटीत घेतलं आणि ती चिमूट दाणा दाणा करून सोडली. मी तोंड उघडलं असतं तर बहुधा जिन्यावरून खाली गेलो असतो. पाऊण तासानं झाकण काढलं तेव्हा पातेल्यात दोन माणसांचा पिलाऊ होता. शीत न् शीत मोकळं, तपकिरी, दोन बटाटे. मी चव घेतली आणि मान हलवली. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि पातेलं घासायला घेतलं. खरा स्वयंपाक पुढच्या रविवारी, खाली.

आता हे सगळं मागं पडलं. माझी बदली झाली, मी कोल्हापूरला परत आलो. काकी त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी गेलो तेव्हा काका पडवीत बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला जेवलात काय असं विचारलं नाही. मोठं पातेलं त्यांनी आळीतल्या गणेशोत्सवाच्या मंडळाला देऊ केलं, पण मटणाचं म्हणून मंडळ घेईना. शेवटी जेटीवरच्या एका बोटवाल्याला दिलं. आता ते डोंबिवलीला मुलीकडे असतात. मी घरी कधीमधी पिलाऊ करतो, आम्हा चौघांपुरता. माझी बायको त्याला बिर्याणी म्हणते आणि मी तिच्या पानातला बटाटा काढून घेण्याइतका शूर नाही. फोटो काढून काकांना पाठवतो. मागच्या महिन्यात त्यांचं उत्तर आलं, एकच शब्द. 'पिवळा.' मी शपथेवर सांगतो, हळद घातली नव्हती. कांदा जरा लवकर उतरवला होता, पण ते डोंबिवलीत बसून त्यांना कसं कळलं, हे मला अजून समजलेलं नाही.

तर तो खालचा रविवार. काकांनी मला सकाळीच सांगितलं होतं की आज दुपारी बाहेर जा, जेटीवर जा, कुठंही जा. मी चपला घातल्या आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसलो. हे चूक होतं हे मला कबूल आहे. पण तीन रविवार मी ते जळकं, खारट, खिमट गिळलं होतं आणि माझाही त्यात काही हक्क झाला होता. तिथून मागची पडवी दिसत होती. काकींची पाठ आणि काकांचा चेहरा.

काकी नेसून बसल्या होत्या, निळ्या काठांचं पातळ. त्यांच्यापुढे रिकामं ताट, काकांपुढे रिकामं ताट, मध्ये ते छोटं पातेलं, झाकणावर अजून दोन निखारे. काकांनी चिमट्यानं निखारे काढले. पळी काकींच्या बाजूला सरकवली.

"घे."

"तुम्ही घ्या आधी."

"मी केलाय तो. करणारानं आधी जेवायचं नसतं."

"नि मी तुमच्या आधी कधी जेवलेय काय?"

पळी परत आली. काकांनी ती पुन्हा पलीकडे सरकवली. ती पुन्हा आली. मग दोघंही नुसती बसून राहिली. गडग्यावर एक मांजर येऊन वास घेत उभं राहिलं. झाकण तसंच होतं. एवढ्या खटपटीनंतर हा पिलाऊ कोणीच न खाता जाणार, असं मला खरोखर वाटलं, आणि मी खाली जाऊन काहीतरी मूर्खासारखं बोलायच्या बेतात होतो.

मग काकांनी झाकण काढलं आणि दोन्ही ताटांत सारखं वाढलं. बटाटा इकडे एक, तिकडे एक. काकींचा उजवा हात मनगटाला धरून त्यांच्या ताटावर आणला आणि सोडला. स्वतःचा हात स्वतःच्या ताटावर धरला. "मी सांगितलं की दोघांनी एकदम," असं म्हणाले. बंदरात क्रेनला लटकलेला माल खाली सोडायचा असला की खालून एक माणूस ओरडतो. काका ओरडले नाहीत, अगदी हळू म्हणाले.

"आरिया."

काकींना हा शब्द कुणी शिकवला नव्हता. पण दोन्ही हात बरोबर खाली गेले.

काकींनी पहिला घास सावकाश खाल्ला. काकांचा घास हातातच होता, ते बघत होते. मीही बघत होतो. दुसरा घास झाला, तिसरा झाला. मग त्या थांबल्या आणि ताटातून वर येणाऱ्या वाफेकडे बघत राहिल्या.

"गरम गरम असा लागतो होय," त्या म्हणाल्या.